पाटी आणि दुकान: सिमलिंक कशी करावी

बंद शटरवर चिकटवलेला कागद आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचला आहे: ‘दुकान समोरच्या इमारतीत हलवले आहे.’ गिऱ्हाईक तो वाचते, रस्ता ओलांडते आणि सामान घेऊन घरी जाते. त्या कागदात ना साखर असते ना डाळ. असतो तो फक्त पत्ता. लिनक्स, मॅकओएस किंवा युनिक्सच्या कुळातल्या कुठल्याही संगणकावर जिला सिमलिंक म्हणतात, ती अगदी अशीच एक पाटी आहे. फाइल एका जागी असते आणि दुसऱ्या जागी तिचा पत्ता लिहिलेली छोटीशी नोंद असते. तुम्ही नोंद उघडता, संगणक पत्ता वाचतो आणि तुम्हाला मूळ फाइलपाशी नेऊन सोडतो.

पाटी वेगळी आणि दुकान वेगळे, ही एवढी गोष्ट मनात पक्की बसली की सिमलिंकचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपसूक सुचतात. चुका होतात त्याही बहुतेक हा फरक विसरल्यामुळेच.

मी आमच्या सोसायटीचे हिशेब लिनक्सच्या लॅपटॉपवर ठेवतो. नियमावलीची फाइल मला रोज तीन ठिकाणी लागते. पूर्वी मी तिच्या तीन प्रती करून ठेवल्या होत्या. वार्षिक सभेत एक कलम बदलले, मी एका प्रतीत ते दुरुस्त केले, आणि दोन महिन्यांनी सभासदाला नियम दाखवताना उघडली ती जुनी प्रत. प्रती वाढल्या की खरी कोणती हा प्रश्न येतोच. आता फाइल एकच आहे आणि बाकी दोन ठिकाणी पाट्या आहेत. बदल कुठूनही उघडून केला तरी तो त्या एकाच फाइलमध्ये होतो.

कमांड टाइप करण्यापूर्वी

इथे कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या छोट्या लिपीतल्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. एलएन, एलएस, आरएम, सीपी, एमव्ही, सीडी ही अक्षरांची नावे आहेत, तेव्हा तीच दोन अक्षरे जोडून लिहायची. फाइंड, रीडलिंक असे शब्द असतील तिथे तो शब्द लिहायचा. आडव्या रेघेनंतर आलेले एस, एफ, एन हे पर्यायही रोमन अक्षरेच. उदाहरणांतली फाइलींची आणि फोल्डरांची नावे मात्र खरोखरच मराठीत आहेत आणि ती तशीच टाइप करायची. लिनक्स आणि मॅकओएस दोघांनाही देवनागरी नावे चालतात. फाइलीच्या नावामागचे पीडीएफ वगैरे शेपूट सोयीसाठी गाळले आहे.

तीन खुणा ओळखीच्या असू द्या. ~ म्हणजे तुमचे होम फोल्डर, / हा फोल्डरांमधला स्लॅश, आणि .. म्हणजे ‘एक पायरी वर’.

पहिली पाटी

माझ्याकडे होम फोल्डरात ‘सोसायटी’ नावाचे फोल्डर आहे आणि त्यात ‘नियमावली’ ही फाइल. ती मला ‘हाताशी’ नावाच्या फोल्डरात दिसायला हवी. त्यासाठी एक ओळ पुरते:

एलएन -एस ~/सोसायटी/नियमावली ~/हाताशी/नियमावली

एलएन म्हणजे लिंक करा, -एस म्हणजे ती सिम्बॉलिक हवी. मग आधी मूळ फाइलचा पत्ता आणि नंतर पाटी कुठे, कोणत्या नावाने टांगायची ते. पाटीचे नाव मूळ नावाहून वेगळे ठेवले तरी चालते. शेवटी नुसते ~/हाताशी लिहिले आणि ते फोल्डर आधीपासून असले, तर पाटी मूळ नावानेच त्या फोल्डरात टांगली जाते.

सगळ्यांचा गोंधळ होतो तो क्रमाचा. मी स्वतःपुरते एक वाक्य करून ठेवले आहे: आधी आहे ते, मग हवे ते. सीपीने प्रत करताना आणि एमव्हीने फाइल हलवतानाही हाच क्रम असतो. एलएनला वेगळा नियम नाही.

क्रम उलटा झाला तर काय होते? साध्या फाइलीच्या बाबतीत संगणक ‘या नावाची फाइल आधीच आहे’ अशी तक्रार करून थांबतो, म्हणजे नुकसान काही नाही. पण जोडीला -एफ हा ‘जबरदस्तीने करा’ म्हणणारा पर्याय दिला असेल, तर तो दुसऱ्या जागी असलेली फाइल पुसून तिथे पाटी टांगतो. क्रम उलटा असेल तर पुसली जाते ती तुमची मूळ फाइल, आणि तिच्या जागी उरते कुठेही न पोचवणारी पाटी. विचारणा होत नाही, कचरापेटीतही काही सापडत नाही. म्हणून नवशिक्याने -एफ हाताशी ठेवू नये. आधी जुनी पाटी काढा आणि मग नवी लावा. वेळ जास्त लागतो, पण झोप नीट लागते.

पाटीवर काय लिहिले आहे?

पाटी लावून झाली की ती वाचायची. ‘हाताशी’ फोल्डरात जाऊन एलएस -एल टाइप केले की एकेका फाइलची ओळ येते. सिमलिंक असलेल्या ओळीची सुरुवात एल या अक्षराने होते आणि शेवटी बाण दिसतो: डावीकडे पाटीचे नाव, उजवीकडे तिच्यावर लिहिलेला पत्ता. नुसता पत्ता हवा असेल तर:

रीडलिंक नियमावली

पाटीवरून दुसऱ्या पाटीकडे आणि तिथून तिसऱ्या पाटीकडे अशी साखळीही असू शकते. शेवटचे दुकान कुठे आहे ते थेट विचारायला लिनक्सवर रीडलिंक -एफ आहे. सगळ्या पाट्या वाचून तो खरा, पूर्ण पत्ता सांगतो.

ओळीच्या सुरुवातीला परवानग्यांची अक्षरे असतात. लिनक्सवर सिमलिंकपुढे सगळ्यांना सगळे खुले असल्यासारखे दिसते. ते पाहून घाबरू नका. कुलूप दुकानाला असते, पाटीला नव्हे. फाइल कोणाला वाचता येईल हे मूळ फाइलच्या परवानग्यांवरूनच ठरते.

पूर्ण पत्ता की ‘समोरच्या इमारतीत’?

इथे थोडे थांबायला हवे, कारण सिमलिंकच्या निम्म्या चुका या एका जागी होतात.

पत्ता दोन तऱ्हेने लिहिता येतो. एक, टपालाचा पूर्ण पत्ता: मुळापासून, पहिल्या स्लॅशपासून सुरू होणारा. त्याला अॅब्सोल्यूट पाथ म्हणतात. दोन, ‘समोरच्या इमारतीत’, ‘दोन घरे सोडून’ असा जवळपासचा: ../सोसायटी/नियमावली. तो रिलेटिव्ह पाथ.

‘समोरच्या इमारतीत’ हे शब्द कोणत्या जागेवरून वाचायचे? पाटी जिथे टांगली आहे तिथून. पाटी रंगवणारा पेंटर त्या वेळी कुठे बसला होता, त्याला महत्त्व नाही. सिमलिंकचेही असेच आहे. कमांड देताना तुम्ही कोणत्या फोल्डरात होता हे संगणक लक्षात ठेवत नाही. तुम्ही लिहिलेली अक्षरे तो जशीच्या तशी पाटीवर उतरवतो आणि वाचताना पाटीच्या जागेवरून चालायला लागतो.

समजा मी होम फोल्डरात आहे आणि लिहिले:

एलएन -एस सोसायटी/नियमावली हाताशी/नियमावली

माझ्या जागेवरून पाहता पत्ता बरोबर दिसतो. पण पाटी टांगली ‘हाताशी’ या फोल्डरात. तिथून संगणक ‘हाताशी’च्या आत ‘सोसायटी’ शोधेल, आणि तिथे ते नाही. पाटी लागली, एलएन काही बोलला नाही, आणि फाइल मात्र उघडत नाही. एलएन गप्प का बसतो? कारण पाटी रंगवणाऱ्याने दुकान खरोखर तिथे आहे का हे पाहायचे नसते. अस्तित्वात नसलेल्या फाइलचीही सिमलिंक बिनतक्रार होते.

यावर माझा उपाय साधा आहे. पाटी जिथे टांगायची, तिथे आधी स्वतः जाऊन उभे राहायचे:

सीडी ~/हाताशी
एलएन -एस ../सोसायटी/नियमावली नियमावली

आता माझी नजर आणि पाटीची नजर एकच आहे. पत्ता टाइप करताना टॅब कळ दाबून नाव पूर्ण होते का तेही लगेच कळते. झाले तर पत्ता बरोबर. लिनक्सवरच्या एलएनला -एसआर असा पर्यायही आहे. तो दिला की तुम्ही कुठेही असा, पाटीच्या जागेवरून योग्य ठरेल असा जवळचा पत्ता तो स्वतःच काढून लिहितो. मॅकओएससोबत येणाऱ्या एलएनमध्ये ही सोय नाही.

मग कोणता पत्ता चांगला? पाटी हलणार असेल आणि दुकान जागच्या जागी राहणार असेल, तर पूर्ण पत्ता लिहा. पाटी आणि दुकान दोन्ही एकाच फोल्डरात असून ते अख्खे फोल्डर कधी तरी दुसरीकडे जाणार असेल, तर जवळचा पत्ता लिहा. सगळी गल्लीच उचलून नेली तरी ‘समोरची इमारत’ समोरच राहते. आणखी एक लक्षात ठेवा: ~ टाइप केले तरी पाटीवर ती खूण उतरत नाही, तिच्या जागी तुमच्या होम फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिला जातो. त्यात तुमचे युजर नाव असते. नव्या लॅपटॉपवर युजर नाव बदलले की अशा सगळ्या पाट्या एका दिवसात खोट्या ठरतात.

एक एप्रिलची पाटी

सिमलिंकचा सर्वांत गोड उपयोग मला सापडला तो आर्थिक वर्षाच्या निमित्ताने. ‘सोसायटी’ फोल्डरात दर वर्षाचे एक फोल्डर आहे: २०२४-२५, २०२५-२६ असे. आणि एक पाटी आहे, ‘चालू’:

सीडी ~/सोसायटी
एलएन -एस २०२५-२६ चालू

मी, खजिनदार आणि पावत्या बनवणारी छोटी स्क्रिप्ट, सगळे ‘चालू’ याच नावाने काम करतो. वर्ष बदलले की स्क्रिप्टला हात लावायचा नाही. फक्त पाटी फिरवायची.

पण फिरवताना एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो आहे. एक एप्रिलला मी सरळ लिहिले:

एलएन -एस २०२६-२७ चालू

काहीच तक्रार आली नाही. पाटी मात्र जुन्याच वर्षाकडे बोट दाखवत राहिली. झाले असे की ‘चालू’ हे नाव फोल्डराकडे नेते हे एलएनने पाहिले, आणि शेवटी फोल्डर दिले की नवी पाटी त्याच्या आत टांगायची या नियमाने तो २०२५-२६च्या आत गेला. तिथे त्याने २०२६-२७ नावाची पाटी लावली, आणि त्या पाटीवर लिहिले होते ‘२०२६-२७’. म्हणजे स्वतःचेच नाव! ती उघडायला गेलो तर संगणक म्हणाला, सिम्बॉलिक लिंकच्या पातळ्या फार झाल्या. पाटी वाचा, पाटीकडेच या, पुन्हा वाचा, असा हा भोवरा. लिनक्सचे कर्नेल एका पत्त्यात अशा चाळीस उड्या मोजते आणि मग नाद सोडते.

बरोबर रीत दोन प्रकारे होते. सुरक्षित रीत अशी:

आरएम चालू
एलएन -एस २०२६-२७ चालू

आणि हात बसल्यावर एका ओळीत:

एलएन -एसएफएन २०२६-२७ चालू

यातला एन हा पर्याय सांगतो की ‘चालू’ ही पाटी आहे, तिच्या मागे जाऊ नको, तिलाच बदल. -एसएफ लिहून एन विसरलात तर पुन्हा तोच खड्डा.

पाटी उतरवताना

पाटी काढली म्हणून दुकान बंद होत नाही. आरएम चालू असे लिहिले की फक्त पाटी जाते, २०२५-२६ मधल्या पावत्या सुखरूप राहतात. नुसता आरएम पुरतो. पाटी फोल्डराची असली तरी तिला -आर लागत नाही.

धोका आहे तो नावामागच्या स्लॅशचा. ‘चालू’ म्हणजे पाटी, पण ‘चालू/’ म्हणजे पाटीने दाखवलेल्या दुकानाच्या आत. आरएम -आर सोबत तो स्लॅश राहिला तर पाटी जागेवर राहून आतला माल पुसला जाऊ शकतो. ‘चालू/*’ लिहिले तर तो नक्कीच पुसला जातो. टॅबने नाव पूर्ण करताना हा स्लॅश कधी कधी आपोआप येतो. म्हणून सिमलिंक काढताना दोन गोष्टी पाळा: -आर लिहायचा नाही, आणि एंटर दाबण्यापूर्वी शेवटचे अक्षर पाहायचे.

दुकान गेले, पाटी राहिली

उलटही होते. मूळ फाइल पुसली, तिचे नाव बदलले किंवा ती दुसरीकडे हलवली, तर पाटीला त्याची खबर लागत नाही. ती जुनाच पत्ता दाखवत उभी राहते. फाइल उघडताना ‘अशी फाइल नाही’ असा निरोप येतो, आणि नाव तर डोळ्यांसमोर दिसत असते. नवशिक्या इथेच चक्रावतो. एलएस -एलने बाणाची उजवी बाजू वाचा, उत्तर तिथेच आहे.

फोल्डरात अशा किती पाट्या मागे राहिल्या आहेत ते शोधायला ही कमांड लिनक्स आणि मॅकओएस दोन्हींवर चालते:

फाइंड -एल . -टाइप एल

यातला पहिला एल मोठ्या लिपीतला आणि शेवटचा छोट्या लिपीतला. मधले टिंब म्हणजे ‘इथपासून खाली’. पहिला एल सांगतो की प्रत्येक पाटीच्या मागे जा. तरीही जी पाटी पाटीच राहिली, ती मोडलेली. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईसारखी ही कमांड चालवावी.

काही एडिटर आणि कमांड फाइल जागेवर बदलत नाहीत. ते नवी फाइल लिहून जुन्या नावावर ठेवतात. लिनक्सवर सेड -आय ही कमांड असेच करते. ती सिमलिंकवर चालवली की पाटी जाऊन तिथे साधी फाइल येते आणि मूळ फाइल जुनीच राहते. बदल केला पण दिसत नाही, असे वाटले तर आधी पाटी अजून पाटीच आहे ना, ते पाहा.

बॅकअपमध्ये पाटी गेली की माल?

हा प्रश्न लोक बॅकअप घेताना विचारत नाहीत, फाइल परत हवी असते तेव्हा विचारतात. उत्तर कमांडप्रमाणे बदलते.

नुसत्या सीपीने एका सिमलिंकची प्रत केली तर माल येतो, म्हणजे मूळ फाइलची प्रत होते. फाइलींचे गाठोडे बांधणारा टार मात्र पाट्या पाट्या म्हणूनच बांधतो. आरसिंक -ए देखील पाटी म्हणूनच नेतो. मूळ फाइल त्या गाठोड्याच्या बाहेर असेल, तर घरी पोचतो तो फक्त पत्ता. माल हवा असेल तर टारला -एच आणि आरसिंकला मोठ्या लिपीतला -एल द्यावा लागतो. झिपचे उलटे आहे. तो आपणहून माल भरतो, आणि पाटी जशीच्या तशी हवी असेल तर -वाय द्यावा लागतो.

पेन ड्राइव्हची गोष्ट आणखी निराळी. बाजारातले बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, आणि त्या पद्धतीत सिमलिंक ठेवायला जागाच नाही. तिथे माल तरी जातो किंवा चूक तरी येते.

बॅकअप झाल्यावर तो दुसऱ्या मशीनवर उघडून दोन फाइली वाचून पाहा. नावांची यादी पाहून समाधान मानू नका, कारण पाटीचेही नाव यादीत असतेच.

एका माणसाची दोन नावे

-एस न लिहिता नुसते एलएन चालवले तर काय होते? तेव्हा होते ती हार्ड लिंक, आणि ती पाटी नव्हे. घरी ज्याला बंड्या म्हणतात त्याचे शाळेच्या दाखल्यावर वेगळे नाव असते, पण माणूस एकच. दोन्ही नावे सारखीच खरी आणि दोन्हींपैकी मूळ असे कोणतेच नाही. एक नाव पुसले तरी माणूस राहतो. शेवटचे नाव पुसले आणि फाइल कोणी उघडून बसलेले नसले, की तिची जागा मोकळी होते. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलला आयनोड नावाची क्रमांकित नोंद असते, आणि हार्ड लिंक म्हणजे त्याच क्रमांकाला दिलेले आणखी एक नाव. एलएस -आय चालवलात तर दोन नावांपुढे एकच क्रमांक दिसेल.

ही रीत जुनी आहे. बेल लॅब्समधून १९७१ साली आलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही एलएन होती. पण तिला दोन मर्यादा होत्या. आयनोडचे क्रमांक आपल्या फाइल सिस्टिमपुरते असतात, म्हणून एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हार्ड लिंक करता येत नाही. आणि फोल्डरांची हार्ड लिंक सहसा करू दिली जात नाही, नाहीतर फोल्डरांच्या झाडात न संपणारी चक्रे तयार होतील. पत्ता लिहून ठेवणाऱ्या सिम्बॉलिक लिंकने या दोन्ही अडचणी सोडवल्या. बर्कलीच्या ४.२ बीएसडी या १९८३च्या आवृत्तीतून ती सर्वत्र पसरली. पत्ता दुसऱ्या डिस्कचा असू शकतो, फोल्डराचा असू शकतो, आणि वर पाहिले तसा खोटाही असू शकतो. सोयीची किंमत तेवढी आहे.

मॅकवर फाइंडरमधून होणारा एलियास आणि विंडोजचा शॉर्टकट हे दिसायला सारखे, पण वेगळे आहेत. मूळ फाइल हलवली तरी एलियास तिला शोधून काढू शकतो, सिमलिंक नाही. विंडोजचा शॉर्टकट ही एक साधी फाइल असते आणि तिचा अर्थ लावणे त्या त्या प्रोग्रामवर असते. सिमलिंक मात्र ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः वाचते, म्हणून बहुतेक प्रोग्रामना ती मूळ फाइलसारखीच दिसते.

मराठी नावांची खोच

माझ्या ‘चालू’ या पाटीपुढे एलएस -एल आकार दाखवतो १९. सिमलिंकचा आकार म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या पत्त्याचे बाइट. ‘२०२६-२७’ मध्ये सहा देवनागरी आकडे आणि एक रेघ आहे. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि रेघ एक, म्हणून अठरा अधिक एक. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी चिन्हे वेगवेगळी मोजली जातात. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. रोमनमध्ये ती २५५ अक्षरे होतात, देवनागरीत ८५ चिन्हे.

खरी खोच आहे ती ‘ऱ’ या अक्षराची. माझ्याकडे ‘पायऱ्या-दुरुस्ती’ नावाची फाइल होती आणि तिची पाटी काही केल्या चालेना. नाव डोळ्यांनी पन्नासदा ताडून पाहिले, सगळे बरोबर. मग कळले की हे अर्धे र संगणकात एकाहून अधिक रीतींनी लिहिता येते: ऱ हे एकच चिन्ह, र आणि त्याखाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. लिनक्स मात्र नेहमीच्या मांडणीत नावांचे बाइट ताडून पाहतो, अक्षरांचे रूप नव्हे. फाइल एका कीबोर्डवर लिहिलेली आणि पाटी दुसऱ्यावर, म्हणून पत्ता चुकीचा. इलाज एकच: मराठी नाव पुन्हा टाइप करू नका. पहिली एक-दोन अक्षरे लिहून टॅब दाबा आणि नाव संगणकालाच पूर्ण करू द्या. नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण नाव अवतरणचिन्हांत ठेवा, पण मग ~ अवतरणाच्या बाहेर राहील असे पाहा, कारण आत गेली की ती साधी खूण होते.

आधीपासून टांगलेल्या पाट्या

सरावासाठी स्वतःच्या फाइलींना हात लावायची गरज नाही. तुमच्या संगणकात पाट्या आधीच आहेत. टर्मिनलवर एलएस -एल /ईटीसी/लोकलटाइम चालवून पाहा; ही नावे संगणकाची आहेत, तेव्हा रोमनमध्येच टाइप करा. भारतीय वेळेवर लावलेल्या बहुतेक लिनक्स मशीनवर बाण एशिया/कोलकाता या फाइलकडे जातो. लंडनला गेलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर तोच बाण युरोप/लंडनकडे असेल. घड्याळाचा प्रदेश बदलायचा म्हणजे मुळात ही एक पाटी फिरवायची.

डेबियन, उबुंटू आणि फेडोरा यांच्या आजच्या आवृत्त्यांत मुळातले /बिन हे फोल्डर राहिलेले नाही. ती /यूएसआर/बिनकडे नेणारी पाटी आहे. मॅकओएसवर /टीएमपी ही /प्रायव्हेट/टीएमपीकडे नेते. जुने नाव वापरणारे हजारो प्रोग्राम त्यामुळे बिनघोर चालत राहिले. डेबियनवर वेब सर्व्हर चालवणाऱ्यांना आणखी एक जोडी ठाऊक असेल: उपलब्ध साइटचे एक फोल्डर आणि सुरू असलेल्या साइटचे दुसरे. दुसऱ्यात असतात त्या नुसत्या पाट्या. साइट बंद करायची तर पाटी उतरवतात, मूळ फाइलला धक्का लावत नाहीत.

या पाट्या वाचा, पण बदलू नका. बदलायला शिकायचे तर होम फोल्डरात ‘सराव’ नावाचे फोल्डर करा, त्यात दोन रिकाम्या फाइली ठेवा आणि मुद्दाम चुका करा. क्रम उलटा द्या, फाइलचे नाव बदला, पाटी दुसऱ्या फोल्डरात हलवा, आणि प्रत्येक वेळी एलएस -एलने बाण वाचा. अर्ध्या तासात जे कळेल ते चार लेख वाचून कळणार नाही. त्यानंतर खरी पाटी लावाल तेव्हा एकच सवय ठेवा: लावून झाल्यावर त्या पाटीवरून एकदा दुकानापर्यंत स्वतः जाऊन या.